बॅप्टिस्टचं रविवारचं घड्याळ

गिरीज गावच्या बॅप्टिस्टला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर. केळींना पाणी लाव, वांग्यांच्या वाफ्यातलं तण उपट, तिथून माडाखाली, तिथून विहिरीवर. पंप नीट चालू असला तरी तो दोनदा जाऊन बघून यायचा. बायको डेल्फिन म्हणायची, "देवाने यांना घडवलं आणि खाली ठेवायचं विसरला."

अशा माणसाकडे सत्त्याण्णव साली मस्कतहून एक जपानी घड्याळ आलं. एकुलत्या एका पोराने, ग्लेनने, पहिल्या पगारातून घेतलेलं आणि सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर पाठवलेलं. मोतिया रंगाची तबकडी, सुईसारखे काटे, आणि सेकंदाचा काटा तर असा सरकायचा, की एखादी कसलेली नटी पाऊल न वाजवता रंगमंच ओलांडतेय! बॅप्टिस्टने ते मनगटावर चढवलं, हात लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला आणि लगेच काढून ठेवलं. केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही. असली राजबिंडी वस्तू वाडीत न्यायची म्हणजे नवरदेवाला शेणात उभं करायचं. डबी कपाटात गेली, डेल्फिनच्या लग्नातल्या लुगड्याखाली. घड्याळाने बाहेर पडायचं ते रविवारी, चर्चमध्ये मिस्साला.

पहिल्याच आठवड्यात त्याने सहज कपाट उघडलं, तर काटे गप्प. जुन्या घड्याळाला देतात तशी चावी देऊन पाहिली, पण ती नुसतीच फिरली. घड्याळ रुमालात बांधून खिशात घातलं आणि सायकल पिटाळत तो वसई स्टेशनजवळच्या घड्याळाच्या दुकानात पोचला. गल्ल्यावर तरणा दुकानदार होता, सेलवाल्या घड्याळांवरच हात बसलेला. त्याने रुमाल सोडला.

"काका, हे तर चालतंय!"

बॅप्टिस्टने डोळे चोळले. काटा खरोखरच सरकत होता.

"घरी बंद होतं हो. शप्पथ!"

"मग घरीच काहीतरी गडबड असेल," दुकानदार हसला.

घरी येऊन त्याने ते पुन्हा कपाटात ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा बंद. पुन्हा सायकल, पुन्हा तो खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता, आणि दुकानात पुन्हा काटा तुरुतुरु. तिसऱ्या खेपेला दुकानदार वैतागला. "सेल उतरला असेल. बघू," म्हणत त्याने मागचं झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला. "काका, यात सेलच नाही! सेलची जागासुद्धा नाही. कुणीतरी टोपी घातली तुम्हाला."

बॅप्टिस्टने घड्याळ पुन्हा रुमालात बांधलं. टोपी त्याला नव्हती घातली. त्याच्या पोराला घातली होती, परमुलखात, पहिल्याच पगाराला.

तेव्हापासून त्याच्या पायांना आणखीच भिंगरी लागली. शेजारच्या पॉलिनकडे ग्लेनचा फोन यायचा.

"पप्पा, घड्याळ कसं चालतंय?"

"झकास! मिनिट इकडचं तिकडे नाही!"

"रोज घालता ना?"

"घालतो तर!"

फोन ठेवला की तो तडक केळीत शिरायचा आणि उगाचच सुकी पानं कापत सुटायचा. डेल्फिन म्हणाली, "सांगून टाका त्याला." तो खेकसला, "पोराचं तोंड उतरेल ते तू बघणार आहेस?"

नाताळला ग्लेन आला. बॅग खाली ठेवली आणि त्याची नजर आधी बापाच्या मनगटाकडे गेली. मनगट मोकळं होतं.

"घड्याळ कुठाय?"

"आहे की. आत."

ग्लेनने कपाट उघडलं, डबी उघडली. काटे गप्प होते. तो तिथेच खाटेवर बसला. "तुम्ही घातलंच नाही, पप्पा. मी वाडी सोडून मस्कतला गेलो त्याचा राग अजून गेला नाही ना तुमचा?"

हे मात्र बॅप्टिस्टच्या स्वप्नातही नव्हतं. इतके दिवस जपलेलं त्याच्या तोंडून भसकन बाहेर पडलं. "राग कसला रे! तुला फसवलंय त्या दुकानवाल्याने. आत सेलच नाही. मी तीनदा दाखवून आलो. तुला वाईट वाटेल म्हणून..."

ग्लेन आधी हसला. मग त्याचं हसू ओसरलं. त्याने घड्याळ उचललं, दोनचारदा हलवलं, आणि काटा सरकायला लागला.

"याला सेल नसतोच, पप्पा. हात हलला की हे चालतं. ठेवून दिलं की थांबतं. दुकानात सेलवाली शंभर होती. पण हे पाहिलं आणि म्हटलं, हे आपल्या पप्पांचं."

बॅप्टिस्टने घड्याळ हातात घेतलं. अंगठ्याने काच पुसली. म्हणाला, "पण चीक लागेल रे याला."

"लागू दे."

"जात नाही तो डाग."

"नाही गेला तर नाही गेला."

घड्याळ मनगटावर चढलं. सवयीप्रमाणे बॅप्टिस्ट वाडीकडे निघाला, पायरीपर्यंत पोचलाही. आतून डेल्फिन ओरडली, "अहो, पोरगा आत्ता आलाय!"

तो थांबला. पंप चालू होता, त्याचा आवाज येत होता. त्या आवाजाच्या दिशेने त्याने एकदा पाहिलं, मग मागे वळला आणि ग्लेनच्या शेजारी, खाटेवर, दोन्ही पाय वर घेऊन बसला.

"हां," तो म्हणाला, "आता सांग. जेवायला काय देतात तिकडे?"