अरबाला दिलेली फणसपोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी काय सांगत नाही? बहिणीशी झालेल्या भांडणापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं त्याच्या कानावर जातं. हे तेवढं राहिलं. राहिलं कसलं — मी ठेवलं.

कुठून सुरुवात करू? सफारीपासूनच करते. म्हणजे निदान थोडा वेळ तरी मला सोप्या गोष्टींबद्दल बोलता येईल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा दुबईत एका बँकेत, मुलगी शाळेत, आणि मी बर दुबई भागातल्या फ्लॅटमध्ये दुपारभर भिंतींकडे बघत बसलेली. म्हणून एका टूर कंपनीत लागले. महाराष्ट्रातून येणारे ग्रुप माझ्याकडे असायचे. सकाळी शहर, दुपारी सोन्याचा बाजार, संध्याकाळी वाळवंट. गाड्या वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत जायच्या, मागच्या सीटवरच्या काकू रामरक्षा म्हणायच्या, आणि सूर्य मावळायच्या बेताला आम्ही कॅम्पवर पोचायचो. गालिचे, लोड, खजूर, अरबी कॉफी, मेंदी, उंट. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली मी नव्हते. कॅम्पवर जातीनं हजर असायची, आणि माझ्या तोंडाला सगळे वचकून असायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्या कॅम्पवर अरब मात्र एकही नव्हता. पांढरा पायघोळ कंदुरा घालून, डोक्याला रुमाल गुंडाळून उंट धरणारे, कॉफी ओतणारे, हातावर ससाणा घेऊन फोटोला उभे राहणारे — सगळे आपल्याच बाजूचे. केरळचे, पेशावरचे, सिल्हेटचे. आणि एक रत्नागिरी जिल्ह्यातला, दिनेश. पाहुण्यांसाठी प्रत्येकाला एक अरबी नाव दिलेलं होतं. दिनेशचं सालेम. नियम एकच — तो पोशाख अंगावर असेपर्यंत पाहुण्यांसमोर 'अहलन' म्हणजे या, 'यल्ला' म्हणजे चला, 'खलास' म्हणजे संपलं, एवढंच बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. हिंदी नाही, मराठी तर नाहीच नाही. एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी कॉफी देणाऱ्याला बोलतं केलं आणि तो निघाला मालवणचा. गृहस्थांनी परत जाऊन तक्रार केली, आम्हाला नकली अरब दाखवले म्हणून. त्या माणसाचा व्हिसा कॅन्सल झाला. नियम मालकाचा होता. तो पाळून घ्यायचं काम माझं.

दिनेश तिशीच्या आतबाहेरचा. कामाला चोख, उंटांवर जीव. गावी बायको, तान्ही मुलगी आणि आई. आई — वत्सलाबाई — गावातल्या डॉक्टरांकडे स्वयंपाक करायच्या. त्या डिसेंबरात डॉक्टरांचं कुटुंब माझ्याच एका ग्रुपमधून दुबईला यायचं ठरलं, आणि डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईला सोबत हवी म्हणून वत्सलाबाईंचंही तिकीट निघालं. जन्मात पहिल्यांदा विमान. लेक आखातात गेल्यापासून त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं.

दिनेश माझ्याकडे आला. एक दिवस सुट्टी हवी होती, हॉटेलवर जाऊन आईला भेटायला. ऐन सीझन, दोन माणसं तापानं पडलेली. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, कॅम्पवर तरी पाच मिनिटं, तंबूच्या मागच्या अंगाला. त्यालाही मी नाही म्हटलं. का? तेव्हा मी नियमाकडे बोट दाखवलं. पण खरं कारण नियमाचं नव्हतं. मला वाटलं, खेड्यातली बाई, लेकाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडेल आणि सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या सफारीचा तमाशा होईल. माझ्या सफारीचा! जसं काही ते वाळवंट मीच अंथरलं होतं.

"त्यांना सांगते, तुला कामासाठी अल ऐनला पाठवलंय," मी म्हटलं. "गावी गेलास की भेटशीलच ना. इन्शाल्ला."

तो जायला वळला. मग म्हणाला, "मॅडम, मग तिचा उंट तरी मी धरू? बोलनार नाय."

मी हो म्हटलं. आणि त्या क्षणी मला वाटलं, किती मोठ्या मनाची आहे मी.

ग्रुप आला. वत्सलाबाई लहानखुऱ्या, पाचवारी सुती साडी, वर डॉक्टरीणबाईंचा जुना स्वेटर. विमानतळापासून माझ्याकडे बघत होत्या, पण डॉक्टरांसमोर विचारायचा धीर होत नसावा. कॅम्पवर बाकीचे मेंदीच्या तंबूकडे वळले तेव्हा हळूच जवळ आल्या.

"ताई, आमचा दिनेश हितंच कामाला हाय ना?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. आजच सकाळी अल ऐनला पाठवावं लागलं, फार लांब आहे हो, आणि तुम्ही तर उद्या निघणार. वर थोडी हळहळलेही. हळहळ इतकी छान जमली की क्षणभर मलाच खरी वाटली. मी तयारीत होते — रडतील, वाद घालतील, डॉक्टरांना मध्ये घालतील. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

डॉक्टरांच्या आईला उंटाची भीती वाटत होती, म्हणून सगळ्यांनी हसत हसत वत्सलाबाईंनाच पुढे केलं. सालेम तिथे उभा होताच. वाऱ्याचं निमित्त करून त्यानं रुमालानं नाकतोंड झाकलं होतं. डोळे तेवढे उघडे. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो आणि ओरडतो. झाडून सगळे ओरडतात. वत्सलाबाई ओरडल्या नाहीत. सालेमनं त्यांच्या दंडाला धरलं होतं आणि त्या मान खाली घालून वाळूकडे बघत होत्या. मला वाटलं, घाबरल्या बिचाऱ्या.

एरवी तंबूंभोवती एक छोटी फेरी की खलास, पुढचा पाहुणा. त्या दिवशी तो दोरी धरून दूरच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेला. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. मी त्याला हाक मारली नाही. एवढं एक मी केलं नाही, आणि त्याचंही श्रेय मला नकोय.

उंट बसला, त्या उतरल्या. लोक अशा वेळी पाच-दहा दिरहॅम हातावर ठेवतात. वत्सलाबाईंनी पिशवीतून जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली फणसपोळी काढली आणि ती सालेमच्या ओंजळीत ठेवली. त्याची बोटं वरून मिटवली. सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, "अहो वत्सलाबाई, अरबाला काय कळणार फणसपोळीतलं?"

"असूं दे," त्या म्हणाल्या. "लेकासाठी आनलेली, तो तर भेटला नाय. ह्याची पन आई असंल कुठंतरी."

मीही हसले होते. हो, मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या लॉबीत बॅगांचा ढीग पडला होता. वत्सलाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, त्याच्या टाचा किती फुटल्यात, बगितलात काय? झोपताना खोबरेल चोळून मोजे घालायला सांगा. लहानपनापासनं तसंच हाय त्याचं."

मी काय केलं असेल? "कुणाच्या?" असं विचारलं. खरंच विचारलं हो!

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. "उंटवाल्याच्या," त्या म्हणाल्या, माझ्या हातावर थोपटलं आणि डॉक्टरांच्या आईचा हात धरून बसकडे गेल्या.

म्हणजे मान खाली घालून त्या वाळूकडे बघतच नव्हत्या. मी खोटं बोलतेय आणि लेक तोंड झाकून गप्प आहे, म्हणजे आपण बोललो तर त्याच्या पोटावर पाय येईल — एवढं त्यांनी तेवढ्यात जाणलं होतं. हंबरडा फोडेल म्हणून जिची मला भीती वाटत होती, तिनं माझा नियम माझ्यापेक्षा नीट पाळला.

इथवर मी फार तर एक निष्ठुर मॅनेजर होते. तशा जगात पुष्कळ आहेत. मला जे सांगायचंय ते याच्या पुढे आहे.

त्या संध्याकाळी कॅम्पवर दिनेश माझी वाटच बघत होता. "मॅडम, आईन् ओळखलंन काय मला? पोळी माझ्याच हातात दिलीन..." त्याचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. 'हो' म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण हो म्हटलं तर टाचांचं सांगावं लागणार, लॉबीतलं सांगावं लागणार, आणि मी त्या बाईसमोर उघडी पडले तेही सांगावं लागणार. रात्रीत ते साऱ्या कॅम्पभर झालं असतं. माझा वचक काय राहिला असता?

"नाही रे," मी म्हटलं. "तू भेटला नाहीस म्हणून दिली कुणालातरी."

त्यानं मान हलवली आणि उंटांना चारा घालायला गेला.

पुढच्या गणपतीच्या आधी वत्सलाबाई गेल्या. दिनेशची रजा अजून लागायची होती. मी त्याच दिवशी मालकानं ठेवून घेतलेला त्याचा पासपोर्ट मिळवून दिला, तिकीट काढलं, विमानतळावर सोडायला स्वतः गेले. सगळे म्हणाले, मॅडम म्हणजे देवमाणूस. गाडीत तो म्हणाला, "मॅडम, समोर उभा होतो. पन आय म्हनून हाक मारली नाय. परका समजून गेली ती." खिडकीकडे तोंड करून रडत होता. गाडीत आम्ही दोघंच होतो. आता कोण मला पकडणार होतं? ज्या बाईसमोर मी खोटी पडले होते, ती तर राहिली नव्हती. तरी मी बोलले नाही. "तू तुझं काम करत होतास," असं काहीतरी पुटपुटले आणि टिश्यूचा डबा पुढे केला.

दिनेश परत आला, पण आमच्याकडे नाही. पुढे काही वर्षांनी, गाडीचं काम निघालं म्हणून मी दुबईतल्याच अल क्वोजला गेले तर तिथे एका गॅरेजात तो भागीदार. जरा सुटलेला, कानशिलं पांढरी. बायको-मुलगी शारजात आणलेली, मुलगी त्या दिवशी सोबतच होती. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि लेकीला सांगितलं, "ह्या मॅडम. आजी गेली तेव्हा ह्यांनीच मला पाठवलंनी." मग, बहुधा ओझं हलकं करायला, ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली. आजीनं आपल्याला अरब समजून फणसपोळी कशी दिली, ती.

मुलगी हसली. "पप्पा, शी डिडन्ट नो यू? रिअली?"

"नाय गो," तो म्हणाला. "नाय ओळखलंन."

बोलताना त्यानं चपला काढून पाय खुर्चीखाली घेतले. टाचा तशाच होत्या. मी चहा संपवला आणि गाडी घेऊन घरी आले.

वत्सलाबाईंनी त्याला ओळखलं होतं. उंट उठायच्या आधीच, पायांवरून. टाचांना खोबरेल लाव, असा त्याच्यासाठी निरोप ठेवून गेल्या होत्या. तो माझ्याकडे दिला होता. मी तो दिला नाही.