पडलास तिथंच खण

रानात झाड कोसळल्याचा आवाज आला की हवालदारमामा जमिनीवर पालथे पडत. बाजारात असोत, देवळात असोत, कान झाकून पडत. नंदिगड्ड्याजवळच्या त्या गावाभोवती सगळं सागवानाचं रान. दिवाळीनंतर तोड सुरू होई, ती पावसाळ्यापर्यंत चाले. मामांच्या पडण्याचं कोणाला काही वाटत नसे. भीती उठण्याची होती. उठताना जो समोर दिसेल त्याच्यावर त्यांचा हात पडे.

ते ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतलेले. तिथं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एक्कावन्न साली त्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्या पडवीत राहिलो. त्या वर्षी शिमगा झाल्यावर एका सकाळी ते स्वतःच्या उंबऱ्याशी पडले. मामी त्यांना सावरायला धावल्या. मामांनी उठता उठता त्यांना मारलं. ओठ फाटला. चार दिवसांनी खानापूरहून मामींचे थोरले भाऊ आले.

"राग गेला की कळवा, दाजी. तवर ही न्हाई यायची," म्हणाले आणि बहिणीला घेऊन गेले.

मामांनी उपाय केले. बेळगावच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. मामा दुपारभर झोपू लागले आणि संध्याकाळी पडू लागले. देवाला कौल लावला, तो उजवा मिळाला. परत येताना देवळाच्या पायरीवर पडले.

अणशीकडची एक कुणबी म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन रानातले कंद विकायला यायची. तिनं एकदा मामांना दुकानासमोर पडलेलं पाहिलं. लोक लांब सरले. ती पाटी उतरवून त्यांच्या डोक्याशी बसली.

"पडलास न्हवं? मग उठू नगो. पडलास तिथंच खण. तोंडात येईल ते खड्ड्यात सांग, वर ह्यो लाव, माती लोट. मग ऊठ."

तिनं कोनाचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. कोन हा मांडीएवढा वाढणारा कंद. उन्हाळ्यात पुरला की पावसात त्याचा वेल वर येतो.

मामांनी हुकूम पाळावा तसं ते पाळलं. कमरेला खुरपं आलं, खांद्याच्या पिशवीत कोनाचे तुकडे आले. उठायला वेळ लागू लागला. उठल्यावर हात मातीनं भरलेले असत. त्यानंतर त्यांनी कोणाला मारल्याचं मी पाहिलं नाही. हे औषधामुळे की दमल्यामुळे, ते मला ठरवता आलं नाही.

पावसात वेल वर आले. मामांच्या उंबऱ्याशी एक, देवळाच्या पायरीशी एक, दुकानासमोर तीन, शाळेच्या अंगणात दोन. मामा कुठं कुठं पडले होते ते गावाला दिसू लागलं. वाद सुरू झाला तो कंद खायचे की नाहीत यावर.

"त्यात मिलिट्रीच्या शिव्या हाईत. पोरं बिघडतील," एक जण म्हणाला.

"शिवी शिजली की मऊ हुते," दुकानदार म्हणाला. पण स्वतःच्या दारातला कोन त्यानंही खणला नाही.

शिव्या असतील असं मलाही वाटत होतं. एकदा शाळेच्या अंगणात मी जवळ जाऊन ऐकलं. मामा खड्ड्यात तोंड घालून सांगत होते, "आज सोमवार. भाकरी खाल्ली. म्हशीला पाणी दावलं." याचा अर्थ मला लागला नाही.

म्हातारीला मी विचारलं, हे औषध तुला कोणी शिकवलं?

"औषध कसलं, मास्तर? पाटीत बियाणं उरलं हुतं. आनी मानूस जमिनीवरच हुता."

हे मी मामांना सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठाऊक नाही.

मार्गशीर्षात मामांनी खानापूरला निरोप धाडला. मामी भावाबरोबर आल्या. मामांनी उंबऱ्याशी पुरलेला कोन खणला, माथ्याचा तुकडा परत मातीत लावला आणि उरलेला स्वतः शिजवला. मामींनी ताटाला हात लावला नाही.

"ह्यात काय सांगितलासा?"

"तू गेलीस म्हणून. आनी चुलीत लाकडं ओली हाईत म्हणून."

मामींनी पहिला घास घेतला आणि रानात झाड कोसळलं. मामा ताटावरून बाजूला पडले. भाऊ उठून बहिणीच्या पुढं उभे राहिले. मामा रांगत उंबऱ्यापाशी गेले, तिथून अंगणात उतरले. खुरप्याचा आवाज आला.

"बसा, दादा," मामी म्हणाल्या. "खणायला गेल्यात. जेवा तुमी."

भाऊ दुसऱ्या दिवशी एकटेच परतले.

पुढे मी शाळा सोडून बेळगावला वर्तमानपत्रात लागलो. मामा पडायचे थांबले नाहीत, असं कळत असे. मामींच्या अंगावर पुन्हा हात पडला नाही, असंही कळत असे. मग एका उन्हाळ्यात मामा गेले. त्याच वर्षी थंडीत मामींचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. उंबऱ्याशी यंदाही वेल आला होता, आता पानं पिवळी पडलीत. आत त्यांनी काय सांगून ठेवलंय ते मला ठाऊक नाही. खणू की नको, तुम्ही शिकलेले, कळवा.

बातमीत न बसणारं काही लिहायची सवय मला राहिली नव्हती. म्हातारीचं बोलणं कळवावं असं एकदा वाटलं. तीन कार्डं खराब केली. चौथ्यावर लिहिलं, "खणा. शिजवून खा. माथ्याचा तुकडा तिथंच परत लावा."