चौदा नंबरची डिस्क

चौदा नंबरची डिस्क मी पुसली. वही न उघडता पुसली. वही माझ्यापासून हातभर अंतरावर, पाण्याच्या बाटलीखाली होती. बाटली तिथे मीच ठेवली होती, टेबलाला ओल लागू नये म्हणून.

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, वर आम्ही चौघं व्हिडिओ एडिट करतो. कंपन्यांच्या फिल्म, लग्नं, शाळांची गॅदरिंग, येईल ते. सगळं शूटिंग एकवीस हार्ड डिस्कवर असायचं आणि त्या डिस्क कपाटात, मिठाईच्या रिकाम्या डब्यांत उभ्या असायच्या. हवी ती काढायची, काँप्युटरला लावायची, काम झालं की परत ठेवायची. दोघांना एकच डिस्क हवी असली की एकाने चहा प्यायचा. आमच्याकडे चहा फार व्हायचा.

या एकवीस डिस्कची एक वही होती. ती ताईची. ताई आमच्यात सगळ्यात जुनी एडिटर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दर डिस्कला एक पान. आत काय आहे, कुणी नेली, कधी परत आली, आणि शेवटच्या रकान्यात, पुसायच्या आधी कुणाला विचारायचं. मी त्या वहीला रेशन कार्ड म्हणायचो. ताई हसायची नाही. तेव्हा मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

गणपतीनंतर माझ्या डोक्यात सामायिक स्टोरेज शिरलं. एक मोठी पेटी, तिच्यात आठ नव्या डिस्क, तिथून चौघांच्या टेबलांपर्यंत केबल. सगळ्यांनी एकाच जागेवरून, एकाच वेळी काम करायचं. दोन आठवडे मी इंटरनेटवर व्हिडिओ बघितले आणि तिसऱ्या आठवड्यात सल्ले द्यायला लागलो. गाळ्याच्या भिंतीवर मार्करने नकाशा काढला. मार्कर कायमचा निघाला, त्यामुळे माझी हुशारी अजून भिंतीवर आहे.

नकाशा मात्र चुकीचा नव्हता. कोण एका वेळी किती व्हिडिओ चालवणार, केबल किती वेगाची हवी, पेटी बिघडली तर काय, सगळं मांडलं होतं. बिघडली तर दुसरी पेटी, तिच्यात पहिलीची रोजची नक्कल. त्या दुसऱ्या पेटीत कपाटातल्याच जुन्या डिस्क बसवायच्या, अर्थात आधी रिकाम्या करून. या कल्पनेवर मी इतका खूष होतो की घरी बायकोलाही सांगितली. ती म्हणाली, "बरं."

कोणत्या डिस्कवरचं काय ठेवायचं, हे लिहून द्या म्हणून मी सगळ्यांना एक तक्ता पाठवला. ताईने एकच ओळ लिहून परत पाठवला: वहीत आहे.

मला वाटलं, रुसलीय. तक्ता मीच भरला. नियम सोपा केला. ज्या फोल्डरला गिऱ्हाइकाचं नाव तो नव्या पेटीत, बाकी कचरा. चौदा नंबरवर दोन गिऱ्हाइकांची कामं होती आणि तिसरा फोल्डर होता 'टेस्ट'. तो मी उघडला होता, हे सांगायला हवं. दोन सेकंद बघितलं. एक खोली, भिंतीवर कॅलेंडर, समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. कॅमेरा तपासायला काहीतरी शूट केलं असणार म्हणून बंद केलं. खुर्च्यांवर माणसं तिसऱ्या सेकंदाला येऊन बसतात, हे मला नंतर कळलं.

खंडेनवमीला आम्ही गाळ्यातल्या यंत्रांची पूजा करतो. काँप्युटर, कॅमेरे, लाइट, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या वर्षी दोन्ही पेट्यांना हार होता. ताईने पेटीशेजारी आपली वही ठेवली आणि तिलाही कुंकू लावलं.

मी म्हणालो, "ताई, हिला आता रिटायर कर ना. हिचा सत्कार करू, शाल देऊ."

बाकीचे दोघं हसले. ताईने वही उचलली, पदराने कुंकू टिपलं आणि वही पिशवीत घातली.

दिवाळीनंतर एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "चौदामधलं टेस्ट नव्या पेटीत कुठे टाकलंस रे? सापडत नाहीये."

"कसलं टेस्ट?"

"आईबाबांचं. नवा कॅमेरा आणला तेव्हा घरी शूट केलं होतं ते. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे ना, गावाहून सगळे येतायत. त्यांना दाखवायचंय."

ताईची आई आदल्या हिवाळ्यात गेली होती. आम्ही सगळे गेलो होतो कांजूरमार्गला, तिच्या आईबाबांच्या घरी.

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. आणि मी म्हणालो, "असेल ना कुठेतरी. शोधतो."

दोन दिवस मी शोधण्याचं नाटक केलं. माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणांचे किस्से मी जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगतो, पण हे दोन दिवस मी कुणाला सांगत नाही. ती येता-जाता विचारायची, "मिळालं?" मी स्क्रीनकडे बघत म्हणायचो, "बघतोय." एकदा तर तिने मला चहा आणून दिला. शेजारच्या टेबलावरचा बोरिवलीचा एडिटर शेवटी हळूच म्हणाला, "अरे, सांगून टाक यार. तुझं तोंड बघवत नाही."

तिसऱ्या दिवशी डिस्क घेऊन मी अंधेरीत डेटा परत काढून देणाऱ्याकडे गेलो. त्याने दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मान हलवली. डिस्क नुसती पुसली असती तर काही मिळालं असतं, म्हणाला. पण तिच्यावर माझी ती रोजची नक्कल महिनाभर लिहिली जात होती.

ताईला सांगितलं. सगळं, दोन दिवसांच्या नाटकासकट.  तिने पिशवीतून वही काढून चौदाव्या पानावर उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. आई-बाबा, एक तास दहा मिनिटं. शेवटच्या रकान्यात, 'बाबांना विचारून'.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "कुणाला विचारायचं लिहिलंय? त्यांना जाऊन सांग."

रविवारी सकाळी कांजूरमार्गला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक कोरी डिस्क विकत घेतली. ही बुद्धी मला कशी झाली, ते अजून कळलेलं नाही.

ताईचे वडील मूळचे मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत, गिरणी बंद पडेपर्यंत, स्टोअर सांभाळायचे. भिंतीवरचं कॅलेंडर बदललं होतं, खुर्च्या त्याच होत्या. मी एका खुर्चीवर बसलो आणि लगेच उठून उभा राहिलो. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग मी डिस्क पुढे केली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "ह्याच्यात काय आसा?"

"काही नाही, काका. रिकामी आहे."

त्यांनी डिस्क टीव्हीवर ठेवली आणि खिशातून फोन काढला. त्या शूटिंगमधला चाळीस सेकंदांचा एक तुकडा ताईने तेव्हा भावाला पाठवला होता, त्याने तो काकांना. आता तेवढाच उरलाय. बाई खुर्ची पुढे ओढते, कॅमेऱ्याकडे बघते आणि विचारते, "चालू झाला काय?" काका म्हणतात, "अजून नाय, तू बस." मग दोघं नुसती बसून राहतात. काकांनी ते मला दाखवलं आणि फोन खिशात ठेवला.

"वही होती ना थंय?"

"होती."

"ते रकाने मीच शिकवलंय तिका. गिरणीतले." "मग उघडून बघूक काय झाला?"

"मला वाटलं, कामाचं काही नसेल."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. नवीन आलेला माल तपासताना बघत असतील, तसं.

"तुका आमच्या स्टोरात झाडू मारूक सुद्धा ठेवला नसता."