नदीवर
फिनाईलचा वास आला की वडिलांची आजारपणातली खोली आठवते. आमच्या हिंगोलीत ‘नदीवर जाऊन येतो’ म्हणजे डबडं घेऊन जाणं; घरोघरी संडास झाले तरी बोलायची रीत तीच राहिली. कयाधू नदी साफ करायचं काम निघालं तेव्हा वडील रोज सकाळी जलपर्णी ओढायला जायचे आणि गुडघ्यापर्यंत काळे होऊन परतायचे. काठावर फिरायची जागा तयार होण्याआधीच त्यांना लकवा झाला, वाचा गेली, एकच शब्द उरला: नदीवर. तो ऐकला की मी धावत जाऊन भांडं लावायचो. ते डाव्या हातानं भांडं ढकलायचे, रडायचे, पुन्हा ‘नदीवर, नदीवर’ करायचे. डॉक्टरलाही काही उमजेना. एका संध्याकाळी शेजारच्या काकू नवी साडी नेसून आईला बोलवायला आल्या, “चला की नदीवर. बाकडे टाकलेत, लेकरं खेळून राहिलीत.” आई तशीच खाटेकडे वळली. “अहो, फिराया जायचंय व्हय तुमाला?” वडील हुंदके द्यायला लागले. मी त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून नेलं, पण मोटारसायकली शिरू नयेत म्हणून गेटात पाईप रोवले होते. खुर्ची काही केल्या आत जाईना. पलीकडं पाणी दिसत होतं. वडील पाईप धरून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, “नदीवर! नदीवर!” फिरायला आलेला एक भला माणूस थांबला आणि हळूच म्हणाला, “काका, संडास तिकडं हाय.” आता माझी लेक ‘नदीवर जाऊन येते’ म्हणत सायकल काढते, आणि मला ‘जा’ म्हणायला इतका वेळ काहून लागतो, ते तिला कळत नाही.