न दिलेलं वस्तुमान

मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. शाळेची चाचणी जो पास होईल, त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म पुढे जायचा. वर्गात एकच मुलगी होती. जानेफळच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज पायी यायची.

प्रश्न मीच काढला होता. सेकंदाला अठ्ठावीस मीटर वेगाने दगड सरळ वर फेकला, तर किती उंच जाईल? गतीची सूत्रं मी घोटून घेतली होती, बाकी सगळ्यांनी तीच लिहिली. तिने लिहिलं, खाली असताना सगळी ऊर्जा गतीची, माथ्यावर सगळी उंचीची, आणि एकूण तेवढीच. म्हणून दोन्ही समान. उत्तर चाळीस मीटर. उत्तर बरोबर होतं, पण तिने वस्तुमान धरलं होतं आणि प्रश्नात ते दिलेलंच नव्हतं. मांडणी खोटी, उत्तर कुणाचं तरी उतरवलेलं, असं ठरवून मी लाल रेघ मारली. ती दोन गुणांनी नापास झाली.

पेपर वाटताना मी म्हणालो, "दगड तोलून आणला होता का बाई? कोणत्या दुकानातून?"

वर्ग हसला. ती उभी राहिली. "सर, ते दोन्हीकडून कटते."

"कटते म्हणे! मग नापासही कटते का पाहा."

संध्याकाळी घरी मी तिची मांडणी कागदावर करून पाहिली. वस्तुमान डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. कटलं. दगड शेरभर असो की मणभर, चाळीसच मीटर. जो धडा मी पुढच्या महिन्यात घेणार होतो, तो तिने आधीच वाचला होता. फॉर्म जायला अजून तीन दिवस होते.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. चपला काढून दारातच उभे राहिले.

"गुर्जी, पोरगी दोन दिवस जेवली नाही. म्हनते, गनित बराबर हाय. मले तं काई समजत नाही. तुमी सांगसान ते खरं. बराबर हाय का?"

मुख्याध्यापक शेजारी बसून ऐकत होते.

"नाही," मी म्हणालो. "चुकलं आहे."

"मंग झालं. सोयरीक आली हाय, होकार देऊन टाकतो." मलाच हात जोडून ते गेले.

पुढे जवळपास तीस वर्षं मी तो धडा शिकवला. दरवर्षी फळ्यावर दोन्हीकडचं वस्तुमान खोडताना हात थांबायचा, तरी खोडायचो. नोकरी संपल्यावर तिच्या सासरच्या गावी गेलो. ती वर्षभरापूर्वीच वारली होती. तिच्या मुलीने चहा दिला. मी विचारलं, आई शाळेची आठवण काढायची का?

"काढे ना. मले अभ्यासाले बसवे, पन गनित आलं का उठून जाये. म्हने, ते तुह्या बापाले इचार, मले कधी जमलंच नाही."

चहा संपवून एसटी स्टँडवर आलो.

तिचं गणित बरोबर होतं.