मारव्यासाठी लावलेली तार

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी आमच्या वर्गात पहिल्यांदाच फोन बंद ठेवून तानपुरा लावला गेला. संगीत विभागाची वार्षिक सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती.

आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सभेत तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी गात. दुसऱ्या वर्षातल्या एकाला सुरुवातीची जागा मिळे. त्या वर्षी गाणं शिकवणाऱ्या मॅडमनी ती मला दिली आणि राग मारवा ठरवला, कारण सभा सूर्यास्ताला सुरू व्हायची होती. अट एकच होती. गाणाऱ्याने आपला तानपुरा आपल्या हाताने लावायचा. फोनवरचा तानपुरा चालणार नव्हता.

अट साधी वाटत होती, पण तशी नव्हती. वर्गातल्या सगळ्यांचा रियाज फोनवरच चालत असे. हिंगण्याहून मेट्रोने सीताबर्डीला येताना माझ्या कानात तोच असायचा. विभागातले दोन तानपुरे गवसणीत, भिंतीला टेकून उभे असत. सरस्वतीपूजनाला ते बाहेर निघत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गवसणीत जात.

घरी मी आधीच सांगून टाकलं होतं. वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. त्यांनी विचारलं, "तू गाऊन राहिली नं नक्की? मंग मी शनिवारची पाळी बदलून घेतो." त्यांनी ती बदलून घेतली. माझं गाणं त्यांनी तोपर्यंत फक्त बंद दाराबाहेरून ऐकलं होतं.

शुक्रवारी दुपारी खोलीत आम्ही तिघं होतो. मी, माझ्यामागे दुसरा तानपुरा घेऊन बसणार असलेली मैत्रीण आणि साथीला बसणारा तबलावाला. मैत्रीण उमरेडची, माझ्याच वर्गातली. आवाज माझ्यापेक्षा मोकळा. तिचा यमन पूर्ण तयार होता आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

पेटीवर काळी चारची पट्टी एकदा दाबून षड्ज घेतला आणि पेटी मिटून ठेवली. तानपुऱ्याला चार तारा असतात. मधल्या दोन जोडीच्या, दोन्ही एकाच षड्जावर. शेवटची खर्जाची, त्याच्या खालच्या षड्जावर. पहिली तार दुसऱ्या एखाद्या स्वराला लावतात. खुंटी थोडी पिळली की सूर एकदम वर जायचा, सोडली की तार सैल पडायची.

"हळू फिरव नं वं, तोडशील काय?" मैत्रीण म्हणाली.

"हळूच फिरवून राहिली मी."

"मले तं दोन्ही तारा सारख्याच वाटून राहिल्या," तबलावाला म्हणाला.

"म्हणून तं तुले तबला दिला."

तो हसला आणि हातोडी घेऊन आपल्या तबल्याचे गट्टे ठोकत बसला. मैत्रीण उठली आणि तिने कूलर बंद केला. कूलरच्या घरघरीचा स्वतःचा एक सूर होता आणि आम्ही इतका वेळ जोडीच्या तारा त्या सुराला ओढत होतो, हे तो थांबल्यावर कळलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खोली पाच मिनिटांत तापली. खुंट्या घामाने निसटू लागल्या, तेव्हा फळ्याजवळचा खडू घेऊन त्यांना चोळला. मग त्या जागेवर राहू लागल्या.

जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की त्यांच्या आवाजात लाट उठते. आधी भराभर, मग संथ. मी खुंटी सोडून तारेवरचा मणी हलवला. लाट लांबली, आणखी लांबली आणि नाहीशी झाली. दोन तारा होत्या आणि आवाज एक होता. तबलावाल्याने हातोडी खाली ठेवली.

मग खर्ज लावला, मग पहिली तार. घोडीवर तारेखालचा दोरा मैत्रिणीने नखाने केसभर पुढे सरकवला आणि आवाज उघडला. चारही तारा ती एकामागून एक छेडत राहिली. एकाएकी ती थांबली.

"कोण गाऊन राहिलं वं?"

"कोणीच नाही."

"मंग हा गंधार कुठून येऊन राहिला?"

तिने पुन्हा छेडलं. खर्जाची तार वाजली की तिच्या मागून, वरच्या बाजूला, गंधार स्पष्ट ऐकू येत होता. गंधाराला एकही तार लावलेली नव्हती. मॅडमनी हे पहिल्या वर्षी वर्गात सांगितलं होतं आणि आम्ही ते परीक्षेत लिहिलंही होतं. कानाने ऐकलं नव्हतं. मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. तबलावाला भोपळ्याला कान लावून म्हणाला, "अबे, खरंच आहे!" मग आम्ही पाळीपाळीने भोपळ्याला कान लावला. शेजारच्या वर्गातल्या मुली दारात जमल्या. त्यांनाही ऐकवलं. एकीला ऐकू आला नाही. तिला पुन्हा बसवलं आणि आला तेव्हा ती ओरडली.

त्या आवाजाने मॅडम आल्या. डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली.

"लागलाय," त्या म्हणाल्या. "चांगला लागलाय. आता गा."

मी मारवा सुरू केला. मारव्यात षड्जावर फार थांबत नाहीत. कोमल रिषभ आणि धैवत यांच्या आधाराने गाणं चालतं. माझा धैवत जागेवर बसेना. लावला की खाली ओढला जाई. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मॅडमनी हात वर केला.

"कोणता राग गातेस?"

"मारवा, मॅडम."

"मारव्यात पंचम आहे?"

मारव्यात पंचम नाही. पहिली तार मी पंचमाला लावली होती आणि मैत्रिणीने दुसऱ्या तानपुऱ्यावरही तेच केलं होतं. फोनवर मारवा सुरू केला त्या दिवशी मी पहिली तार धैवतावर ठेवली होती. फोनने ती तशीच ठेवली. मला पुन्हा कधी बघावं लागलं नव्हतं. हाताला फक्त पंचम माहीत होता.

"ओ तेरी," तबलावाला हळूच म्हणाला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, तार धैवतापर्यंत वर चढवायची. जुनी आहे, तुटू शकते. उद्या सभेआधी दोन्ही तानपुरे धैवताला लागलेले मिळाले, तर मारवा. नाही तर पंचम आहेच, यमन होईल. यमन कोण गाणार, हे त्यांनी मैत्रिणीकडे बघून सांगितलं.

त्या गेल्या. मग मैत्रीण म्हणाली, "काहून बघून राहिली माह्याकडे? खडू दे."

दुसरा तानपुरा आधी घेतला. त्याची तार चढली. माझी अर्ध्या वाटेवर तुटली. मैत्रिणीच्या मनगटावर लाल ओरखडा उठला. मॅडमच्या कपाटातून नवी तार आणली, बसवली. नवी तार ताणत राहते. लावली की दहा मिनिटांत उतरे. संध्याकाळपर्यंत लावत राहिलो आणि ती उतरत राहिली.

घरी वडिलांना सांगितलं, जागा कदाचित जाईल.

"कोनता राग हाय त्याचं मले काय करायचं?" ते म्हणाले. "तू गाशील का नाही, ते सांग."

"उद्या कळेल."

"मी तं येऊन राहिलो."

शनिवारी सकाळी तार पुन्हा उतरलेली होती, पण आदल्या दिवसापेक्षा कमी. दुपारी आणखी कमी. मैत्रीण तानपुरा छेडत बसली आणि मी मणी हलवत राहिले. मध्येच ती यमनची एक तान गुणगुणली.

"गाऊन घे," मी म्हटलं. "लागेल तुले."

"गप बस वं. धैवत चढला का ते बघ."

सभागृह भरू लागलं तेव्हा तिथले दोन्ही कूलर सुरू होते. मैत्रीण मंचावरून खाली उतरली आणि तिने दोन्ही बंद केले. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, मारता का आम्हाले?"

"अर्धा तास मरा," ती म्हणाली. लोक हसले.

मॅडम मंचाच्या कडेला आल्या. वाकून माझ्या तानपुऱ्याची पहिली तार छेडली, मग दुसऱ्याची. मग पुन्हा माझी. वडील कारखान्याच्या निळ्या सदऱ्यात दाराजवळ उभे होते. पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही ते बसले नव्हते.

"मारवा," मॅडम निवेदकाला म्हणाल्या.

दोन्ही तानपुरे सुरू झाले. मी कोमल रिषभ लावला, मग धैवत. तो जागेवर बसला. पहिल्या समेला तबलावाल्याने मान हलवली आणि माझ्या मागून मैत्रीण अगदी हळू म्हणाली, "वा!" दार उघडं होतं आणि बाहेर अजून उजेड होता. मी अर्धा तास गायले.

सोमवारच्या तासाला मॅडमनी मैत्रिणीला मारवा आणि मला त्याच स्वरांचा, पण गंधारावर टेकणारा पुरिया शिकवायला घेतला.