पथनाट्यातला मारकुटा नवरा

माझं वजन त्या वर्षी बरंच उतरलं होतं, आणि पथनाट्यातल्या मारकुट्या नवऱ्याला कमरेचा पट्टा काढावा लागतो हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात कारकून. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. मसुऱ्याच्या जवळच्या एका वाडीत आम्ही भाड्याने राहत होतो. आमच्या घरात आवाज चढवायचा झाला तर तो हिनेच चढवायचा. वर्गात सवय झालेली असल्यामुळे तिचा चढलेला आवाज चौथीच्या मागच्या बाकापर्यंत, म्हणजे आमच्या बाबतीत परसातल्या फणसापर्यंत, स्पष्ट पोचायचा. मी बहुतेक वेळा फणसाजवळच असायचो.

घरातल्या मारहाणीत बायकांचे जीव जातात, ते वाचवायचे म्हणून सरकारने गावोगाव कार्यक्रम ठरवले होते. त्यासाठी आमच्या वाडीत संरक्षण अधिकारी मॅडम येणार होत्या. घरात मार खाणाऱ्या बाईच्या मदतीला कायद्याने नेमलेलं जे सरकारी माणूस असतं, ते म्हणजे या मॅडम. त्यांना भाषण नको होतं, पथनाट्य हवं होतं. बायकोच्या भूमिकेसाठी त्यांनी दशावतारात स्त्रीपार्ट करणारा एक रिक्षावाला गाठला. नवरा व्हायला मात्र गावातला एकही पुरुष तयार होईना. ग्रामसेवकाची कंबर धरली, दुकानदाराच्या घरी सोयर आलं, आणि सरपंच म्हणाले, "माका निवडणूक लढवची आसा."

मग हीच म्हणाली, "हे करतील."

मी फणसाकडे निघालो होतो, पण उशीर झाला होता.

रिक्षावाला माझ्या दीडपट होता. मिशी काढून, नऊवारी नेसून तो देवळासमोरच्या मांडवात उभा राहिला तेव्हा मलाच त्याची भीती वाटली. सुरुवातीच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं. "सायबानू, जोरान मारा. हळू मारल्यात तर माका रडूक येणा नाय."

मी पट्टा काढला. पॅन्ट निघाली. म्हणजे निघायला लागली. एका हाताने मी ती धरली आणि दुसऱ्या हाताने अत्याचार सुरू केला. लोक हसतील अशी माझी खात्री होती, कारण मी स्वतः हसलो असतो. पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. रिक्षावाला जमिनीवर पडला आणि त्याने असा विलाप सुरू केला की पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मॅडमनी लिहून दिलेल्या दोन ओळी संपल्यावर त्याने माहेरचं वर्णन घेतलं. मग आईचं. मग गोठ्यातल्या गाईचं. मी पट्टा उगारून उभा, आणि पॅन्ट धरलेल्या हाताला मुंग्या आलेल्या.

शेवटी मॅडमच मांडवात आल्या. "थांबा! आता सांगा, हे शेजारच्या घरात चाललंय आणि तुम्हाला ऐकू येतंय. तुम्ही काय कराल?"

आमच्या शेजारच्या काकी उठल्या. साठीच्या पुढच्या, आमची वाडी त्यांच्याच तोंडावर चालते. "घोव-बायलेच्या भांडणात आमी कित्याक पडाचा?"

"पडू नका," मॅडम म्हणाल्या. "भांडू नका, उपदेश करू नका. फक्त दारात जा आणि काहीतरी मागा. साखर मागा, मीठ मागा. एकट्याने जाऊ नका. दारात माणसं दिसली की बहुतेकांचा हात खाली येतो. मग एकीने मला नाहीतर पोलिसांना फोन करायचा, बाकीच्यांनी हलायचं नाही. एक लक्षात ठेवा. ज्या बायका मरतात, त्यांचं रडणं शेजाऱ्यांनी आधी कित्येकदा ऐकलेलं असतं. आणि ज्याचा हात एकदा बायकोच्या गळ्यावर गेला, तो पुढच्या वेळी थांबेलच असं धरून चालू नका."

मग मॅडम म्हणाल्या, चला, सराव करू.

सराव माझ्यावर झाला. एकेक बाई मांडवात येऊन माझ्याकडे काहीतरी मागू लागली. एकीने साखर मागितली, एकीने विरजण. काकींनी कोयती मागितली. "नाटकातला मागणा नाय हां सायबानू, माजी खरीच मोडली." मॅडम घाईघाईने म्हणाल्या, भांडणाच्या वेळी साखरच मागा. रिक्षावाला अजून जमिनीवर पडून गाईच्या आठवणीत होता.

कार्यक्रम संपला आणि माझे हाल सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी मासेवाली दारात आली. मी बांगडे मागितले. "संपले," ती म्हणाली. पाटी बांगड्यांनी चमकत होती.

"मग हे काय आहेत?"

"हे जे बायलेक मारणत नाय, तेंच्यासाठी आसत."

ते नाटक होतं, असं मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि बांगडे हिच्या हातात दिले, वर एक जास्तीचा. एसटीत माझ्या शेजारी बायका बसेनाशा झाल्या. रिक्षावाल्याकडे मात्र लोक घरचे लाडू पाठवत होते.

आणि वाडीने सराव चालूच ठेवला. कुकरने तिसरी शिट्टी जरा कर्कश दिली की काकी दारात. "वायच कढीपत्तो व्हयो होतो." कढीपत्त्याचं झाड काकींच्याच अंगणात होतं, आमच्याकडे नव्हतं. हिच्या हातून चिवड्याचा डबा पडला, तेव्हा दोघीजणी मीठ मागायला आल्या आणि चिवडा खाऊन गेल्या. एका रविवारी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि शेवटच्या षटकात मला राहवेना. मी ओरडलो, "मार! अजून मार! सोडू नको!" चेंडू सीमेपार जायच्या आत आमची पडवी बायकांनी भरली. पुढे काकी. "बाईनू, बरा आसा मां?"

ही आतून आली, तिने चेहरा शक्य तेवढा पडलेला केला आणि म्हणाली, "काय सांगू काकी."

त्या दिवशीची भांडी मी घासली. पुढेही घासत राहिलो, कारण मी टाळाटाळ केली की ही स्टीलचं ताट हातात घ्यायची आणि जमिनीकडे बघायची.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी मी पडवीत बसून लसूण सोलत होतो, ही वह्या तपासत होती, तेवढ्यात काकी धापा टाकत आल्या. मागे आणखी तिघी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग लसणाकडे, मग हिच्याकडे.

"तुमी नाय तर कोण?" काकी म्हणाल्या.

तेवढ्यात काकींनी ऐकलेला बाईच्या रडण्याचा आवाज पुन्हा आला. मेरेच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, खालच्या अंगाला एक घर होतं. त्या घरातला माणूस आंब्याचा व्यापार करायचा. दारू नाही, शिवी नाही, देवळाच्या कामात पुढे, रस्त्यात भेटला की माझी चौकशी करायचा. नाटकानंतर मला नीट नमस्कार करणारा गावातला तो जवळजवळ एकटाच. त्याच्या घरातून असे आवाज पूर्वीही आले होते. ते सगळ्यांनी ऐकले होते, आम्हीही. प्रत्येक वेळी आम्ही टीव्ही जरा मोठा केला होता.

बायका निघाल्या. मीही उठलो. काकी म्हणाल्या, "तुमी मागे रवा. तुमका बघून लोक घाबरतत." मी मागे राहिलो. हातात लसूण तसाच होता.

काकींनी दार वाजवलं. बराच वेळ कोणी उघडेना. त्या वाजवत राहिल्या. शेवटी दार उघडलं आणि तो बाहेर आला. शर्टाचं एक बटण तुटलेलं, बाकी सगळं नेहमीसारखं. "काय व्हया?"

"साकर," काकी म्हणाल्या.

"माका मीठ."

"माका विरजण," हीसुद्धा म्हणाली. ही दही विकत आणते.

तो गोंधळला. माणसाला रागवायची तयारी असते, विरजण द्यायची नसते. तो आत वळला, तशा बायका पडवीत शिरल्या. काकी आवाज न चढवता म्हणाल्या, "आणि तुजी कोयती दी रे. माजी मोडली." कोयती दाराशेजारीच टांगलेली होती. ती काढून त्याने त्यांच्या हातात दिली. काकींनी ती मागे माझ्याकडे पाठवली. एका हातात लसूण आणि दुसऱ्यात कोयती घेऊन मी अंगणात उभा राहिलो.

"वैनी खंय आसा?" हिने विचारलं.

"निजली हा."

"मग आमी बसतव," काकी म्हणाल्या, आणि बसल्या. "आता इलव तर चाय घेवन जातव."

मला वाटतं, लोकांत चांगलं दिसायची त्याची सवय त्याला नडली. घरी आलेल्या बायकांना चहा नाही म्हणणं त्याच्याने होईना. तो स्वयंपाकघरात गेला. भांडी वाजली, डबे उघडले-झाकले. मग तो दारात आला आणि, कोणाला ते न बघता, विचारलं, "चाय पावडर खंय आसता?"

आतल्या काळोख्या खोलीतून आवाज आला. घोगरा, अर्धवट, जसा काही घशातून ओढून काढलेला. "फळीवर. निळ्या डब्यात."

ही उठली आणि सरळ आत गेली. त्याने अडवायला हात उचलला, पण तोवर काकी उठून दोघांच्या मधे उभ्या राहिल्या होत्या. थोड्या वेळाने ही बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला नाही. ती माझ्याजवळ अंगणात आली आणि म्हणाली, "गळ्यावर बोटं उठलीत." तिथूनच तिने मॅडमना फोन लावला.

मॅडम आणि पोलीस बाई गाडी घेऊन येईपर्यंत एकही बाई तिथून हलली नाही. चहा झाला. काकींनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "साकर कमी आसा." त्याने साखर आणून दिली. घामाने तो निथळत होता. एकीने आत जाऊन वहिनींचे पाय दाबले. मॅडम आल्यावर तिला घेऊन इस्पितळात गेल्या. डॉक्टर म्हणाले की थोडक्यात वाचली. हे वाक्य मी सिनेमात बऱ्याचदा ऐकलं होतं, खऱ्या माणसाबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

पुढचं लांबलं. ती आधी कुडाळला भावाकडे राहिली. भाऊ म्हणाला मिटवून घे. मॅडम म्हणाल्या ते तिला ठरवू द्या. तिने ठरवलं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. काजूचा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला ती कोर्टाचा आदेश घेऊन आपल्याच घरी परत आली, आणि त्याला त्या घराच्या जवळ फिरकायला बंदी झाली. गावात काही जण अजून म्हणतात की बायकांनी चांगल्या माणसाचा संसार मोडला. काकी तेव्हा त्यांच्याकडे नुसत्या बघतात. मोडलेलं काय असतं ते त्या आत जाऊन बघून आल्या होत्या.

यंदा कुडाळला कामाला गेलो होतो, तिथूनच आम्ही आंगणेवाडीच्या जत्रेला एसटीने निघालो. गाडी तुडुंब भरलेली. पुढे खिडकीशी ती वहिनी बसली होती, भावाकडून येत असावी, आणि झोपली होती. तोंड उघडं, डोकं शेजारच्या अनोळखी म्हातारीच्या खांद्यावर, गाडीच्या प्रत्येक गचक्याला हलणारं. घोरतही होती, आणि चांगलीच. मी हाक मारणार होतो. हिने माझा दंड दाबला. म्हातारीने आमच्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे उठवू नका. जत्रेचे कर्णे ऐकू यायला लागले तरी ती उठली नाही, मग कंडक्टरनेच घंटा जोरात ओढली. ती दचकून उठली, आधी खिडकीबाहेर बघितलं, मग खणखणीत आवाजात कंडक्टरवर खेकसली, "माका कित्याक उठवलंस नाय रे आदी? रांग बघ केवढी झाली ती!"